लाव्याची अंडी, खुडूक कोंबडी आणि आपली देणगी

(उपकारस्तुतीच्या सणानिमित्त मंडळीपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळकसाहेबांनी मला वीस मिनिटे दिली आहेत आणि विषयही त्यांनीच सांगितला आहे. ते म्हणाले, "ताई, त्या लाव्यांचे काय झाले ते सांगा. लोक विचारतात." लोक विचारतात हे खरे आहे. मी शहरात आले की उपासना संपल्यावर दारातच कोणीतरी थांबवते आणि म्हणते, आम्हाला पक्ष्यांच्या पाच जोड्या द्यायच्या आहेत, जोडीला किती पडतात? आज त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला उभी आहे. उत्तर थोडे लांब आहे, तेवढे ऐकून घ्या.

आधी पक्ष्याची ओळख करून देते. लावा हे नाव आपल्याला पवित्र शास्त्रातून माहीत आहे. निर्गमच्या 16 व्या अध्यायात संध्याकाळी लावे येऊन इस्राएलाची छावणी झाकून टाकतात, आणि गणनाच्या 11 व्या अध्यायात वारा त्यांना समुद्राकडून आणतो. हे लावे दरवर्षी आफ्रिका आणि युरोप यांच्यामध्ये ये-जा करतात. भूमध्य समुद्र ओलांडून दमले की सीनायच्या आणि मिसरच्या किनाऱ्यावर उतरतात, आणि तिथे लोक त्यांना जाळ्यांनी धरत आले आहेत. मिसरी लोक लावे खारवून खातात असे हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. गणनातल्या लोकांनी गोळा केलेले लावे छावणीभोवती पसरून ठेवले, ते वाळवण्यासाठीच असावेत असे मला वाटते.

आपण पाळतो तो त्याचा चुलतभाऊ, जपानी लावा. जपानमध्ये तो फार पूर्वीपासून पाळीव आहे. भारतात तो 1974 साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातून आणला गेला, आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगरला त्याच्यावर संशोधन झाले. आकाराने मुठीत मावतो, वजन दीडशे ते दोनशे ग्रॅम. सहा-सात आठवड्यांची मादी अंडी घालू लागते. अंडे दहा-बारा ग्रॅमचे, त्यावर तपकिरी ठिपके. अशी पाच अंडी म्हणजे कोंबडीचे एक.

आमच्या नवापूर तालुक्यात माळावर आणि शेतात रानलावे आहेत. जुनी माणसे फासे लावून ते धरत. आता ते धरणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कायदा आम्ही गावात समजावून सांगतो. जपानी लाव्याबद्दलही मध्यंतरी गोंधळ होता. 2011 साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने त्याला वन्यजीवांत धरून नव्या परवानग्या थांबवल्या होत्या, पुढे पाळीव लाव्याला मोकळीक मिळाली. म्हणून कोणी सांगितले की हा पक्षी बेकायदा आहे, तर घाबरू नका. फक्त तो पैदाशीचा आहे, रानातला नाही, याची खात्री असली पाहिजे.

आता मूळ गोष्टीकडे येते. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एका संस्थेने घरोघर लाव्यांची पिल्ले वाटली होती. घराला दहा-दहा. फोटो निघाले. पुढच्या पावसाळ्यात मी त्या पाड्यांवर फिरले तेव्हा एकाही घरात लावा नव्हता. लोकांनी मारून खाल्ले म्हणून त्यांना दोष देणारे पुष्कळ भेटले. मला तसे दिसले नाही. काही मुंगसाने नेले, काही घुशींनी, काही गारठ्याने गेले. उरलेल्यांनी वर्षभर अंडी घातली, मग ते म्हातारे झाले, आणि त्यांच्या जागी दुसरे आले नाहीत.

दुसरे का आले नाहीत? कारण पाळीव लाव्याची मादी अंड्यांवर बसत नाही. शेकडो वर्षे माणसाने तिच्याकडून फक्त अंडी घेतली, त्यात तिची बसण्याची सवयच गेली. चालता चालता जिथे वाटेल तिथे अंडे टाकते आणि पुढे जाते. केंद्रातल्या माझ्या खोलीमागे मी जाळीचे पक्षीघर केले आहे, सहा फूट लांब, चार फूट रुंद. खाली वाळू, कोपऱ्यात उंच गवताचे झुबके. तिथे दोन वर्षांत एकच मादी गवतात अंड्यांवर बसली. चार दिवस बसली आणि पाचव्या दिवशी उठून दाणे टिपायला गेली, ती परत आलीच नाही.

म्हणजे ज्या घरात लावे द्याल त्या घराला दर वर्षी कोणाकडून तरी पिल्ले विकत घ्यावी लागतील. ती शहरात मिळतात. जाण्यायेण्याचा खर्च पिल्लांच्या किमतीपेक्षा जास्त. तुमची देणगी तिथे अडते.

शहरात यावर इलाज आहे, उबवणी यंत्र. साडेसदतीस अंश तापमान, दिवसातून तीन-चार वेळा अंडी फिरवायची, चौदाव्या दिवसानंतर फिरवणे बंद करून ओलावा वाढवायचा, सतराव्या-अठराव्या दिवशी पिल्ले. केंद्रात आमच्याकडे लहान यंत्र आहे. पण पाड्यावर वीज जाते ती कधी तासाने येते, कधी दुसऱ्या दिवशी. तास-दीड तास असेल तर यंत्रावर घोंगडी टाकून निभावते. रात्रभर गेली तर ते रवण गेले.

तोडगा मला एका काकींनी दाखवला. त्या मंडळीतल्या नाहीत. पक्षीघर बघायला आल्या होत्या. मी यंत्राचे कौतुक सांगत होते, त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बाई, माझी कोंबडी खुडूक बसली आहे. तिच्याखाली का नाही ठेवत? तिला काय कळते कोणाची अंडी ते."

कळत नाही हे खरेच आहे. गावठी कोंबडी वर्षातून दोन-तीनदा खुडूक होते. शहरी फार्मच्या कोंबडीत हा गुण मुद्दाम काढून टाकलेला असतो, पण आपल्या गावठीत तो शाबूत आहे. लाव्यात जे हरवले ते तिच्यात आहे. आणि रवण बसवण्याचे ज्ञान पाड्यावरच्या प्रत्येक म्हातारीला आहे. कोणती कोंबडी शेवटपर्यंत बसेल, कोणती अर्ध्यात उठेल, डालग्यात खाली काय घालायचे, पिसवा होऊ नयेत म्हणून राख कशी चोळायची, हे मला कोणत्याही शिबिरात शिकवले गेले नव्हते.

मात्र लाव्याच्या अंड्याचे कवच पातळ असते. जड कोंबडीच्या पायाखाली ते फुटते, म्हणून लहान चणीची, शांत कोंबडी निवडायची. अंडी आठवड्याच्या आतली हवीत, निमुळते टोक खाली करून सावलीत ठेवलेली. काकींच्या कोंबडीखाली आम्ही अठरा अंडी ठेवली. सतराव्या दिवशी सकाळी पहिले पिल्लू आले, अठराव्याच्या दुपारपर्यंत अकरा झाली. पिल्लू किती मोठे? अंगठ्याच्या पेराएवढे, सात-आठ ग्रॅमचे. पिवळ्या अंगावर काळपट पट्टे. मुले त्याला भुंगा म्हणतात.

इथे एक गोष्ट काकींनाही नवी होती. कोंबडीच्या पिलांसारखी ही पिल्ले आईमागे सोडायची नाहीत. ती इतकी लहान असतात की कोंबडीचा पाय पडला की संपले, आणि तिच्या हाकेलाही ती नीट ओ देत नाहीत. त्या अकरांपैकी दोन तशीच पायाखाली गेली. म्हणून आता पिल्ले वाळली की लगेच काढून घेतो आणि खोक्यात उबेला ठेवतो. पहिला आठवडा पस्तीस ते सदतीस अंश, पुढे दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी. वीज असेल तिथे बल्ब. नसेल तिथे गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायच्या आणि रात्री दोनदा उठून बदलायच्या. थर्मामीटर सगळ्यांकडे नसतो, पण पिल्लेच सांगतात. एकमेकांवर चढून गोळा झाली तर थंडी आहे, चोच उघडून कडेला पळाली तर उष्णता जास्त आहे, खोकाभर विखरून निजली तर ठीक.

खाली गुळगुळीत कागद घालायचा नाही, पाय फाकतात ते पुन्हा जुळत नाहीत. गोणपाट किंवा जाडेभरडे कापड घालायचे. पाण्याच्या झाकणात गोटे टाकायचे, कारण दोन बोटे पाण्यातही लाव्याचे पिल्लू बुडून मरते. हे मी सांगते तेव्हा शहरातली माणसे हसतात. पाड्यावर कोणी हसत नाही.

त्या पहिल्या रवणातली आठ पिल्ले मोठी झाली. तीन आठवड्यांनी छातीची पिसे बघून नर-मादी कळते. नराची छाती तांबूस, मादीची ठिपकेदार. दोन-तीन माद्यांमागे एक नर ठेवायचा, जास्त झाले की भांडून एकमेकांची डोकी फोडतात. आणखी एक. लावा दचकला की सरळ वर उडतो. छत कंबरेएवढे असेल तर टाळू फुटते. म्हणून खुराड्याचे छत एकतर वीतभर, नाहीतर डोक्यावर माणूस उभा राहील इतके उंच आणि खाली मऊ जाळे लावलेले. जाळीची भोके बोट जाणार नाही एवढी लहान हवीत. घूस त्याहून मोठ्या भोकातून हात घालते, तिला हात नाही हे ठाऊक असूनही मी असेच म्हणते.

आता हिशेब सांगते, कारण तुम्ही पैसे देता. माझ्या पक्षीघरात नऊ माद्या आणि तीन नर आहेत. पक्ष्याला दिवसाला वीस ते पंचवीस ग्रॅम खाद्य लागते, म्हणजे बारांना महिन्याला नऊ किलोपर्यंत. चांगल्या दिवसांत सात-आठ अंडी मिळतात, महिन्याची दोनशेच्या वर. कोंबडीच्या भाषेत ती चाळीसेक अंडी झाली. नऊ किलो तयार खाद्याची किंमत आणि चाळीस अंड्यांची किंमत घरी मांडून पाहा. दुकानातले खाद्य घालून लावे पाळणे म्हणजे अंडी विकत आणण्यापेक्षा फार स्वस्त पडत नाही, कधी महागच पडते. हे कोणी सांगत नाही. लाव्याच्या धंद्याची जी पत्रके फिरतात त्यांत तर या अंड्यांनी दमा, मधुमेह सगळे बरे होते असे छापलेले असते. अंडे चांगले अन्न आहे. औषध नाही.

मग फायदा कशात आहे? खाद्य घरचे असेल तर आहे. मक्याचा भरडा, ज्वारीची कणी, शेंगदाण्याची पेंड, सुकटीची भुकटी, शेवग्याचा पाला, थोडा चुना. लाव्याला कोंबडीपेक्षा जास्त प्रथिने लागतात, पिल्लांना तर चौथा हिस्सा प्रथिनांचाच हवा, म्हणून नुसता मका घालून भागत नाही. वारुळातली वाळवी आणून पिलांना घालण्याची रीत आमच्याकडे कोंबड्यांसाठी होतीच, ती इथेही चालते. आणि दुसरा फायदा जागेचा. ज्या घराला परडे नाही, ज्याची कोंबडी शेजारच्या रोपात शिरली की भांडण होते, त्या घरात ओसरीच्या कोपऱ्यात आठ लावे राहतात.

आणि तिसरा फायदा हा पक्षी ज्यांच्यासाठी आहे त्यांचा. दिवाळीनंतर आमच्या पाड्यांवरची जाणती माणसे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. काही लेकरे बरोबर जातात, काही आजीजवळ राहतात. अंगणवाडीत अमृत आहारातून अंडी किंवा केळी मिळतात, पण शाळेत जाणारी मुले त्यात बसत नाहीत. आजी आणि तीन नातवंडे हे आमचे घर. ज्या काकींचे सांगितले त्यांचे घर तेच आहे. कोंबडी सकाळी अंडे घालते, लावा दुपार कलल्यावर घालतो, म्हणजे मुले शाळेतून येतात तेव्हा. वाळूत हात फिरवून अंडी शोधणे हे काम ती कोणाला करू देत नाहीत.

पण यातच एक अडचण आहे. लाव्याला अंडी घालायला दिवसाला चौदा-पंधरा तास उजेड लागतो. थंडीत दिवस अकरा तासांचा होतो आणि अंडी थांबतात. म्हणजे आईबाप घरी नसतात नेमक्या त्याच महिन्यांत. मी काकींना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, "मग त्याला दिवा लावू. अभ्यासालाही लागतोच." गेल्या हिवाळ्यात त्यांच्या घरी सौर दिवा पहाटे दोन तास आणि संध्याकाळी दोन तास लावला. अंडी कमी झाली, पण बंद पडली नाहीत. दिव्याखाली थोरली नात पाढे म्हणत होती आणि लावे जागे होते.

रोगाबद्दल बोलले पाहिजे. तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल, फेब्रुवारी 2006 मध्ये भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आमच्या नवापुरात. मोठ्या फार्मबरोबर परड्यातल्या कोंबड्याही गोळा करून मारल्या गेल्या. 2021 साली पुन्हा तेच. सरकारला ते करावेच लागते, रोग माणसापर्यंत येऊ शकतो. पण ज्या बाईच्या दारातून पोत्यात भरून कोंबड्या गेल्या ती विसरत नाही. लावे द्यायला आम्ही पहिल्यांदा एका पाड्यावर गेलो तेव्हा एका आजींनी विचारले, "आता देता, मग न्यायला कोण येणार?" मी वचन दिले नाही. सांगितले की रोग आला तर हेही जातील. म्हणून काही नियम आहेत. मेलेला पक्षी फेकायचा नाही, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचे. कोंबड्या आणि लावे एका खुराड्यात नकोत, मानमोडी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. रवणाची कोंबडी आधी आठवडाभर वेगळी ठेवून बघायची. आणि पक्षी एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर न्यायचे नाहीत.

हा शेवटचा नियम आम्हाला अडचणीत टाकतो. लाव्यांत भावा-बहिणींचीच पैदास होत राहिली तर तीन-चार पिढ्यांत अंडी फळत नाहीत, पिल्ले कमकुवत निघतात. म्हणजे नवे रक्त हवे. पक्षी न हलवता नवे रक्त कसे आणायचे? अंडी हलवायची. भाताच्या तुसात अंडी भरून, डबा मांडीवर धरून, एका पाड्यावरच्या आजी दुसऱ्या पाड्यावरच्या आजींना देतात. यावर्षी सात घरांत अशी देवघेव झाली. त्यात चार घरे मंडळीची आणि तीन इतर. कोणाच्या घरची अंडी कोणाकडे द्यायची याची वही काकींची नात ठेवते, ती सातवीत आहे.

तर जोडीला किती पडतात, हा प्रश्न. जोड्या देऊ नका. आमच्या सात घरांत पक्षी आहेत आणि तेच वाढतील. पाहिजे ते असे. बारीक जाळी, कारण पाड्यावर मिळते ती कोंबड्यांची, मोठ्या भोकांची. पेंड आणि सुकट घाऊक घ्यायला भांडवल, ते घरे अंडी विकून परत करतात. केंद्रातल्या यंत्रासाठी एक बॅटरी, म्हणजे ज्या महिन्यात एकही कोंबडी खुडूक नसेल त्या महिन्यात काम थांबणार नाही. आणि सौर दिवे. या वस्तूंचा फोटो चांगला निघत नाही हे मला माहीत आहे. जाळीचे भेंडोळे हातात धरून उभे राहिलेल्या माणसाचा फोटो आपल्या त्रैमासिकाने अजून छापलेला नाही. संपादकसाहेब समोर बसले आहेत, त्यांनी मनावर घ्यावे.

ज्यांना स्वतःच्या घरी लावे पाळून बघायचे असतील त्यांनी उपासनेनंतर मला भेटा. गच्चीत, व्हरांड्यात चार माद्या आणि एक-दोन नर मजेत राहतात. उन्हाचा पट्टा, सावली आणि अंग घुसळायला कोरडी वाळू एवढे द्या. रविवार शाळेच्या मुलांना तर जरूर दाखवा. अंडे फुटताना पिल्लू आतून कवचाला गोल चीर पाडत जाते आणि झाकण उघडावे तसे बाहेर येते. त्याला सोडवायला हात लावायचा नाही, हे मुलांना सांभाळणे सर्वांत कठीण.

दिवे मात्र लवकर हवे आहेत. ऊसतोडीच्या गाड्या दिवाळी झाली की येतात, आणि काकींकडे आणखी दोन कोंबड्या खुडूक बसल्या आहेत. एकीखाली सोळा अंडी ठेवून मी इकडे आले. त्यांचा सतरावा दिवस येत्या शुक्रवारी आहे.